रविवारी संध्याकाळी मजल्यावर कोण असतं?

नर्सिंग होम बघायला जायचं असेल तर रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या सुमाराला जावं. बुधवारी सकाळी अकरा वाजता सगळीच नर्सिंग होम्स छान दिसतात. लॉबीत ताजी फुलं, कोपऱ्यात पियानो, ॲडमिशनच्या बाई हसतमुख. मावशीसाठी जागा शोधताना मी आधी अशाच वेळांना गेले आणि सगळीकडून छापील फोल्डर घेऊन परत आले. फोल्डरमध्ये फिजिओथेरपीची खोली होती, बाग होती, वाढदिवसाचे फोटो होते. रात्री आठ वाजता बेल दाबली तर कोण येतं, हे कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हतं.

मावशी सत्तरच्या दशकात न्यू जर्सीत आली. नोकरी इथेच केली, काका इथेच गेले. आता चौऱ्याऐंशीची आहे. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आधीपासून थोडा थोडा जाणवणारा विसराळूपणा हॉस्पिटलच्या मुक्कामात एकदम वाढला. डिस्चार्जची वेळ आली तशी केस मॅनेजरने एक लांबलचक यादी हातात ठेवली आणि उद्या दुपारपर्यंत पसंतीची नावं कळवा म्हणाली. मावसभाऊ सिॲटलला, मी जवळ, म्हणून काम माझ्याकडे आलं. पुण्याहून फोन सुरू होतेच, "घरीच बाई ठेवा की!" मावशीला उठवायला दोन माणसं लागतात, रात्री तीन-चार वेळा उठवावं लागतं, आणि चोवीस तासांच्या बाईचा इथला खर्च हा वेगळाच विषय आहे. तो वाद मी फोनवर पुरेसा घातलाय, इथे नको.

यंत्रणेबद्दल थोडं सांगायला हवं. हॉस्पिटलात सलग तीन दिवस रीतसर ॲडमिट असाल, तर त्यानंतरच्या नर्सिंग होममधल्या रिहॅबसाठी (पुन्हा उठतं-चालतं करण्याच्या उपचारांसाठी) मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, जास्तीत जास्त १०० दिवस पैसे देतं. पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रोजचा ठरावीक वाटा आपला. ('ऑब्झर्वेशन'खाली, म्हणजे रीतसर ॲडमिट न करता नुसतं देखरेखीखाली काढलेल्या रात्री या तीन दिवसांत धरत नाहीत. पलंग तोच, डॉक्टर तेच, तरी धरत नाहीत. कुणाचे आईवडील इथे असतील तर हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी विचारून घ्या.) त्यानंतर कायमचं राहायचं तर खिशातून, आणि साठवण संपली की मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी योजना. म्हणजे यात सरकारचा पैसा भरपूर, आणि त्यामुळे सरकारची तपासणीही आहे. १९८७ च्या कायद्याने रहिवाशांचे हक्क ठरले. प्रत्येक नर्सिंग होमची तपासणी न कळवता होते आणि दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मेडिकेअरच्या 'केअर कंपेअर' या साइटवर प्रत्येकाला एक ते पाच तारे दिलेले असतात. ही पद्धत २००८ पासूनची.

तारे बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या आत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक तपासणी, दुसरी कर्मचाऱ्यांची संख्या, तिसरी 'क्वालिटी मेझर्स', म्हणजे रहिवाशांच्या तब्येतीवरून काढलेले दर्जाचे आकडे. या तिसऱ्यातली बरीच माहिती नर्सिंग होमने स्वतःच भरलेली असते. विद्यार्थ्यानेच आपली प्रगतिपुस्तकं भरावीत, तसं ते. पहिल्यात बाहेरचा माणूस येऊन बघतो, म्हणून ते जास्त भरवशाचं. पण तिथेही तुलना राज्यातल्या राज्यात होते. वरच्या दहा टक्क्यांना पाच तारे, खालच्या वीस टक्क्यांना एक. त्यामुळे एका राज्यातले चार तारे आणि दुसऱ्या राज्यातले चार तारे सारखे समजू नयेत. कर्मचाऱ्यांचे आकडे पगारपत्रकावरून येतात, ते सहसा फुगवता येत नाहीत. त्यातही मी दोनच आकडे बघते: शनिवार-रविवारी प्रत्येक रहिवाशामागे नर्सिंगचे किती तास मिळतात, आणि वर्षभरात किती टक्के कर्मचारी सोडून गेले. २०२२ पासून हे दोन्ही साइटवर दिसतात. एखाद्या नावापुढे लाल वर्तुळात हाताचा पंजा दिसला तर छळाच्या तक्रारीत ती जागा दोषी ठरलेली आहे. त्या यादीतून मी असं एक नाव लगेच खोडलं. लॉबी तिथली सगळ्यांत देखणी होती.

खरी माहिती तपासणीच्या अहवालात असते, आणि तो कुणी वाचत नाही. साइटवर मिळतो, शिवाय प्रत्येक नर्सिंग होमने तो मागावा न लागता दिसेल अशा जागी ठेवायचा असतो. बहुधा रिसेप्शनजवळ एक जाडजूड फाइल असते. प्रत्येक त्रुटीपुढे ए ते एल यांपैकी एक अक्षर. ए, बी, सी म्हणजे किरकोळ. डी, ई, एफ म्हणजे इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. जी, एच, आय म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. प्रत्येक तीन अक्षरांत पहिलं एखाददुसऱ्या घटनेसाठी, दुसरं वारंवार घडणाऱ्यासाठी, तिसरं सगळीकडे पसरलेल्यासाठी. दहा डी असलेल्या जागेपेक्षा एक जी असलेली जागा मला जास्त काळजीची वाटते. फ्रीजचं तापमान वहीत लिहिलं नाही, हीसुद्धा त्रुटीच. पण एका अहवालात मी वाचलं: 'रहिवासी क्र. ११'च्या माकडहाडावर बेडसोअर झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची असं प्लॅनमध्ये लिहिलेलं होतं. तपासनीस सकाळभर तिथेच बसून राहिला आणि तेवढ्या वेळात कुणीही त्या माणसाची कूस बदलली नाही. मजल्यावरच्या एडने (नर्सच्या हाताखालच्या मदतनीस बाईने) कारण सांगितलं होतं, "आज आम्ही दोघीच आहोत." ते पान वाचल्यावर मला पुढच्या चौकशीची दिशा सापडली.

नर्सिंग होममधली शुश्रूषा म्हणजे डॉक्टर नव्हे, बऱ्याच अंशी नर्ससुद्धा नव्हे. अंग पुसणं, डायपर बदलणं, घास भरवणं, खुर्चीतून पलंगावर नेणं हे सगळं एड करतात. त्यांच्या प्रशिक्षणाची केंद्र सरकारने ठरवलेली किमान मर्यादा ७५ तास आहे. न्यू जर्सीत बहुतेकजणी हैती, घाना, फिलिपिन्स, कधी केरळ-गुजरातच्या. कितीतरी जणी दोन ठिकाणी नोकरी करतात. एका एडच्या वाट्याला किती माणसं आली, यावर तुमच्या आईला पाणी वेळेवर मिळतं की नाही हे ठरतं. न्यू जर्सीच्या कायद्यात हे प्रमाण २०२१ पासून आहे: दिवसा आठ रहिवाशांमागे एक, संध्याकाळी दहांमागे एक, रात्री चौदांमागे एक. केंद्राने २०२४ मध्ये देशभरासाठी रोज प्रत्येक रहिवाशामागे नर्सिंगच्या ३.४८ तासांचा नियम काढला होता, पण २०२५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे राज्याचा नियम असेल तर नशीब.

हे प्रमाण तपासणं अजिबात अवघड नाही. प्रत्येक शिफ्टला किती कर्मचारी आणि किती रहिवासी, याचा कागद दर्शनी भागात रोज लावणं सक्तीचं आहे. रविवारी संध्याकाळी एका ठिकाणी मी तो कागद शोधत होते, तर रिसेप्शनच्या मुलीला असा काही कागद असतो हेच माहीत नव्हतं. शेवटी तो कालचा निघाला. दुसऱ्या ठिकाणी कागद आजचा होता. मजल्यावर जाऊन मी माणसं मोजली, तर जवळपास जुळली. तिथे एका एडला विचारलं, "ताई, आज तुमच्याकडे किती जण?" (इंग्रजीत अर्थातच, पण मनात ताईच होतं.) ती ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "नऊ. रविवारी कधी कधी बारा होतात." खोटं बोलायचं असतं तर बारा सांगितले नसते. इथे किती वर्षं आहात, असं विचारलं तर म्हणाली, "माझ्या मुलाच्या जन्माच्या आधीपासून. आता तो कॉलेजात आहे." ॲडमिशनच्या बाईंनी तासभर सांगितलेल्या सगळ्यापेक्षा मला या दोन उत्तरांतून जास्त कळलं.

खोल्यांमध्ये काय बघायचं? वास येतो का, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, जास्त सुगंध येत असेल तरी सावध व्हा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉल बेलची वायर कुठे आहे. उशीला चिमट्याने अडकवलेली असेल तर ठीक. पलंगामागे जमिनीवर पडली असेल तर माणूस हाक मारूनच मदत मागत असणार. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की खिडकीपाशी? ऐकायचं यंत्र कानात आहे की ड्रॉवरमध्ये? नखं कापलेली आहेत का? जेवणाच्या हॉलमध्ये भरवणारी एड बसून भरवते की उभ्या उभ्या, दोघांच्या तोंडात आळीपाळीने? संध्याकाळी पाचलाच किती जणांना रात्रीचे कपडे घालून झोपवलंय? मी जिथे 'नको' ठरवलं, तिथे सव्वापाच वाजता अख्खा कॉरिडॉर अंधारात होता.

आणखी एक प्रश्न विसराळूपणा असलेल्यांसाठी फार मोठा आहे. मानसिक आजारांवरची जड औषधं देऊन माणसाला शांत ठेवायचं, हा कमी कर्मचाऱ्यांवरचा जुना उपाय. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, २००५ मध्येच दिला आहे. किती टक्के रहिवाशांना ही औषधं चालू आहेत तो आकडा केअर कंपेअरवर असतो. मी थेट नर्सिंगच्या प्रमुखांना विचारलं, "संध्याकाळी मावशी घरी जायचं म्हणून दाराशी गेली, तर तुम्ही काय कराल?" एका ठिकाणी उत्तर आलं, "डॉक्टर काहीतरी लिहून देतील." दुसऱ्या ठिकाणी म्हणाल्या, "आधी लघवीला लागली आहे का, दुखतंय का ते बघू. मग कुणीतरी तिच्याबरोबर एक चक्कर मारून येईल." मावशी आता या दुसऱ्या ठिकाणी आहे. साइटवर त्यांना तीनच तारे आहेत आणि लॉबीतलं कार्पेट विटलेलं आहे.

ॲडमिशनच्या वेळी कागदांचा गठ्ठा समोर येतो आणि 'इथे, इथे आणि इथे' सह्या मागतात. दोन ठिकाणी थांबावं. बिलाची हमी नातेवाइकाने स्वतःच्या खिशातून द्यावी, अशी अट ॲडमिशनसाठी घालता येत नाही. मावसभावाने सही करताना 'मावशीच्या वतीने, तिच्याच पैशांतून' असं लिहून घेतलं. दुसरं म्हणजे वाद झाल्यास कोर्टात न जाता लवादाकडे जाण्याचा करार. तो नाकारला म्हणून जागा नाकारता येत नाही, आणि सही केली तरी ३० दिवसांत मागे घेता येते. आम्ही तो कोराच परत दिला. बाईंनी तो काही न बोलता फाइलच्या मागे लावला, म्हणजे नाकारणारे आम्ही पहिले नव्हतो.

आत गेल्यावर मूल्यमापन थांबत नाही. ४८ तासांत प्राथमिक केअर प्लॅन व्हायला हवा, १४ दिवसांत पूर्ण तपासणी, पुढच्या ७ दिवसांत सविस्तर प्लॅन आणि मग दर तीन महिन्यांनी आढावा. या बैठकीला घरच्यांना बसता येतं, फोनवरूनही. पहिल्या बैठकीत आम्ही नुसते माना डोलावणार नव्हतो, म्हणून वजनाचे आकडे मागितले. मावशीचं वजन उतरलं होतं. कारण साधं निघालं: दातांची कवळी जेवणाच्या वेळी डबीतच राहायची. प्लॅनमध्ये 'जेवणाआधी कवळी' अशी ओळ घातली गेली. आता मी अधूनमधून वेगवेगळ्या वेळांना जाते आणि आधी डबी उघडून बघते. रिकामी असली तर बरं वाटतं.

तक्रार सुटत नसेल तर प्रत्येक राज्यात ऑम्बड्समन, म्हणजे रहिवाशांच्या बाजूने तक्रारी सोडवणारा माणूस असतो. सेवा मोफत, नाव गुप्त ठेवतात आणि नंबर मजल्यावरच भिंतीवर लावलेला असतो. आम्हाला अजून लागलेला नाही. पुढच्या बैठकीसाठी माझ्या फोनमध्ये यादी तयार आहे: अंघोळ आठवड्यातून दोनदाच का, रात्रीची शिफ्ट एजन्सीच्या माणसांवर किती चालते, आणि मावशीचा चष्मा दुसऱ्याच बाईंच्या नाकावर कसा गेला.