रिकामी बरणी

एडिनबर्गच्या आमच्या भाड्याच्या घरात, कपड्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली वीस लिटरची एक झाकणबंद बादली आहे. तिच्या झाकणातल्या एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, दर थोड्या वेळाने ‘बुळुक’ असा आवाज येतो. आई फोनवर विचारते, ‘‘नळ गळतोय का रे?’’

गळत नाही, बिअर होतेय. कृती मात्र माझी नाही. २०१६ साली ब्रूडॉग या स्कॉटिश कंपनीने आपल्या २१५ बिअरच्या कृती फुकट वाटून टाकल्या, त्याही घरच्या वीस लिटरच्या मापात. जिच्यावर त्यांचं नाव झालं ती पंक आयपीए नावाची बिअरसुद्धा त्यात. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) किती, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कोणते, कुठल्या मिनिटाला टाकायचे, सगळं.

मी इमानेइतबारे तसंच केलं आणि माझ्या पंक आयपीएला शिकरणीचा वास आला. कपाटामागून गरम पाण्याचा पाइप जातो हे त्या कृतीत कसं असणार? १९ अंशांवर शहाण्यासारखं वागणारं यीस्ट उकाड्यात केळ्याचा वास सोडतं. त्या महिन्यात मी विकतची पंक जरा जास्तच आणली. तुलनेसाठी, असं घरी सांगितलं.

म्हणून कृती दिली की धंदा बुडेल, हे मला काही पटत नाही. उलट या धंद्यातले किती तरी लोक घरच्या पातेल्यातूनच वर आलेत. सिएरा नेवाडा या अमेरिकन बिअर कंपनीचे केन ग्रॉसमन आधी कॅलिफोर्नियात घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकायचे. ब्रुअरी आली १९८० साली. एकाच बिअरवर घर चालणारा छोटा ब्रुअर मात्र कृतीतले आकडे झाकून ठेवतो, तेव्हा त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला असाच एक आहे. कृती देत नाही. पण मागच्या महिन्यात टाकीच्या तळाचं यीस्ट त्याने जॅमच्या बरणीत भरून दिलं. दाट, पांढुरकं, पावाच्या वासाचं. अगदी विरजण! आमच्या वाड्यात विरजणाची वाटी कुणी रिकामी परत पाठवली नाही, आणि जोशीकाकूंच्या विरजणाने आमचं दही कधी जोशीकाकूंसारखं लागलंही नाही.

भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून बरणीत चिवडा भरून नेला. त्याने काउंटरवर उभ्याउभ्या निम्मा संपवला आणि कृती विचारली.

‘‘आईला विचारून सांगतो,’’ म्हटलं.