चेहरा एकाचा, नाव दुसऱ्याचं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाकडे जुन्या फोटोंनी भरलेल्या दोन ट्रंका होत्या. मिरवणुका, लेझीम, सुरसागरातलं विसर्जन, प्रसादाच्या पंगती. गल्लीतल्या मुलांनी ते सगळे स्कॅन केले, नानाकाकांनी एकेका फोटोतली माणसं ओळखून नावं आणि सालं सांगितली, आणि ॲप करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिली आवृत्ती मी काकांच्याच फोनवर टाकली. वाड्याच्या आतल्या खोलीत बसून ते यादी सरकवत होते. मधेच थांबले.

"अगं, खाली आमच्या दादाचं नाव आहे. वर हा कोण?"

मी फोन हातात घेतला. नाव दादांचं, चेहरा कुठल्यातरी ढोलवाल्याचा. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, चार वर्षांपूर्वी गेले. काका काही रागावले नाहीत, पण फोन परत घेतला नाही त्यांनी. त्या रात्री मी झोपले नाही.

माझ्या अलकापुरीच्या ऑफिसात हे एकदाही दिसलं नव्हतं. तिथे नेट वेगवान. वाड्याच्या जाड भिंतींच्या आत वायफाय कसंबसं पोचतं, आणि खरी चूक तिथेच उघडी पडली.

अँड्रॉइडमधली लांब यादी, म्हणजे रिसायकलरव्ह्यू, प्रत्येक फोटोसाठी नवं कार्ड बनवत नाही. पडद्यावर मावतील तेवढी आणि वर थोडी, एवढीच कार्डं असतात. वरून बाहेर गेलेलं कार्ड खालून नव्या मजकुरासह परत येतं. मी आरएक्सजावा वापरला होता, म्हणजे येणाऱ्या गोष्टींना प्रवाह मानून त्यावर कामांची साखळी लावायची लायब्ररी. कार्डाला फोटोचा क्रमांक मिळाला की तो सब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी, जायचा आणि पुढे फ्लॅटमॅप नावाच्या कडीतून फोटो उतरवला जायचा. पण फ्लॅटमॅप हातातलं कुठलंच काम सोडत नाही. समजा ४१व्या फोटोची मागणी गेली, काकांनी बोट सरकवलं, त्याच कार्डाला ५०वा फोटो मिळाला. ५०वा आधी उतरला. मग ४१वा रखडत रखडत आला आणि त्याच्यावर बसला.

फ्लॅटमॅपच्या जागी स्विचमॅप लिहिलं. नवा क्रमांक आला की आधीचं काम तिथल्या तिथे रद्द. बदल एका शब्दाचा, पण तो शब्द सापडायला मला दोन रात्री लागल्या. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण नवा फोटो येईपर्यंत कार्डावर जुनाच चेहरा राहतो. म्हणून आतल्या प्रवाहाची सुरुवातच कोऱ्या राखाडी चौकोनाने केली. क्रमांक बदलला की आधी चौकोन, मग फोटो. चुकीचा चेहरा क्षणभरही दिसता कामा नये, हे मी मनाशी ठरवूनच बसले होते.

मग ग्लाइड किंवा कॉइल या फोटो दाखवायच्या तयार लायब्ररी का नाही, असं कुणीही विचारेल. फोटोचा साधा पत्ता हातात असेल तर तेच वापरा, मीही तेच वापरीन. रद्द करणं, लहान करणं, साठवणं, सगळं त्यात तयार मिळतं. पण हे घरोघरचे फोटो, फक्त मंडळाच्या लोकांनी बघायचे. प्रत्येक फोटोसाठी आधी सर्व्हरकडून थोडा वेळ चालणारी सहीची (परवानगीची खूण असलेली) लिंक मागायची, मग फोटो उतरवायचा, मग लहान करायचा. ग्लाइडला हेही शिकवता येतं, पण लिंक संपली तर पुन्हा मागणं, नेट गेलं तर थोडं थांबून परत प्रयत्न करणं, हे सगळं मला एकाच साखळीत डोळ्यांसमोर हवं होतं. आरएक्सची ही पद्धत मूळची मायक्रोसॉफ्टची, नेटफ्लिक्सने २०१३मध्ये ती जावात खुली केली. अशा एकामागून एक लागणाऱ्या कामांसाठी मला आजही तीच सोयीची वाटते.

या लिंकांनी आणखी एक धडा दिला. आधी मी कॅशमध्ये, म्हणजे फोनवरच्या साठ्यात, लिंकच्या नावाने फोटो ठेवत होते. सही दर वेळी वेगळी, म्हणजे लिंकही वेगळी, म्हणजे साठवलेला फोटो कधीच सापडायचा नाही आणि काकांचा डेटा फुकट जायचा. आता फोटोचा क्रमांक आणि आकार मिळून नाव देते.

आकाराचं सांगते. ६ बाय ४ इंचाचा फोटो मुलांनी ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला, म्हणजे ३६०० बाय २४०० पिक्सेल. फाइल काही एमबींचीच, पण मेमरीत उघडली की दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे जवळजवळ साडेचौतीस एमबी. असे दहा फोटो उघडले की साधा फोन मान टाकतो. आधी फाइलची फक्त मापं वाचायची, मग इनसॅम्पलसाइझ ४ देऊन उघडायची. रुंदी चौथ्या हिश्श्यावर, उंचीही चौथ्या हिश्श्यावर, आणि मेमरी सोळाव्या हिश्श्यावर, सव्वादोन एमबींच्या आत. काम कुठल्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या धाग्यावर, चालायचं ते शेड्युलर ठरवतो. हे उलगडण्याचं काम मी मोजकेच थ्रेड वापरणाऱ्या कॉम्प्युटेशन शेड्युलरवर टाकलं, कारण आयओ शेड्युलर लागतील तेवढे थ्रेड काढत जातो आणि फोन तापतो. पडद्यावर लावणं अर्थातच मेन थ्रेडवर.

एवढं करून पुन्हा वाड्यात गेले. चेहरे आणि नावं जुळली, पण थोडं सरकवल्यावर दर आठ-दहा फोटोंनंतर एक कार्ड राखाडीच राहायला लागलं. फोटो वेगवेगळे, सर्व्हरवर सगळे व्यवस्थित. तासभर मी फोटोच तपासत राहिले. मग लक्षात आलं की फोटो वेगळे असले तरी कार्ड तेच फिरून येत होतं. एक फाइल अर्धवट चढली होती, ती उघडताना एरर आली, आणि आरएक्समध्ये एरर आली की प्रवाह कायमचा संपतो. त्या कार्डाचा अख्खा प्रवाहच बंद पडला होता, पुढे त्याच्याकडे कुठलाही क्रमांक आला तरी ऐकायला कुणी नव्हतं. एररच्या जागी ठरलेली गोष्ट देणारं ऑनएरररिटर्नआयटम मी साखळीच्या शेवटी लावलं होतं. ते स्विचमॅपच्या आत, एकेका फोटोच्या प्रवाहाला लावलं, तेव्हा एका फोटोचं दुखणं त्या फोटोपुरतं राहिलं. या पद्धतीने काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते: एरर कुठे पकडता ते बघा.

शेवटचं दुखणं स्विचमॅपमुळेच आलं. जोरात सरकवलं की ॲप बंद. लॉगमध्ये अनडिलिव्हरेबलएक्सेप्शन. रद्द करताना आरएक्सजावा चालू थ्रेडला मधेच थांबवतो, वाचता वाचता थांबलेलं ते काम एरर देतं, पण ती ऐकणारा आधीच उठून गेलेला असतो. अशा बेवारस एररमुळे अँड्रॉइडवर ॲप कोसळतं. आरएक्सजावाप्लगइन्समध्ये एरर हँडलर लावला, नेटवर्कच्या आणि मधे थांबवल्याच्या एररा तिथे सोडून दिल्या. बाकीच्यांना मात्र ॲप पाडू दिलं. सगळंच गिळलं असतं तर पुढची खरी चूक मला कधी दिसलीच नसती.

रविवारी सकाळी शेवउसळ घेऊन काकांकडे गेले. फोन त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिले. त्यांनी मुद्दाम भराभर सरकवलं, वर नेलं, खाली आणलं. मग दादांच्या फोटोवर थांबले. हातात लेझीम, डोक्याला फेटा, खाली त्यांचंच नाव. बराच वेळ बघत होते.

"फोटो बरोबर आहे," ते म्हणाले. "पण साल चुकलंय. १९७८ नाही, ७९. हा फेटा मी बांधला होता. आदल्या वर्षी मला बांधता येत नव्हता."

मी तिथेच साल बदललं.