आमची वाटचाल : गोळी न झाडणारी पिस्तुले

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी ओतकामाचा छोटा कारखाना सुरू केला, तेव्हा तेथे ढाली, चषक आणि मानचिन्हे तयार होत असत. आमच्या जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या जोडनावानेच ओळखले जाते आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. अशा मुलखात माजी सैनिकांच्या मेळाव्यांसाठी मानचिन्हे खपवणे फारसे अवघड नव्हते.

सुमारे 14 वर्षांपूर्वी एक निवृत्त सुभेदारसाहेब कारखान्यात आले. आजोबांची पदके काचेच्या चौकटीत लावताना त्यांच्याखाली त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या पट्ट्याला असे तसले वेब्ली रिव्हॉल्व्हर बसवावे, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही चित्रांवरून अॅल्युमिनियमचे एक ओतून, काळा रंग देऊन त्यांच्या हाती ठेवले. त्यांनी ते तळहातावर दोनदा तोलले आणि “मालक, ह्ये खेळणं झालं,” एवढेच बोलून परत दिले. आकार बरोबर होता, पण वजनाचा विचार आम्ही केलाच नव्हता. 1915 मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले 0.455 इंची वेब्ली मार्क 6 सुमारे 1.1 किलो भरते आणि आमचे 400 ग्रॅमच्या आतच होते.

पुढे आम्ही जस्ताच्या मिश्रधातूकडे वळलो. हा धातू 385 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे पोलादी साचे दीर्घकाळ टिकतात आणि बारीक कडाही स्वच्छ उतरतात. त्याची घनता मात्र पोलादापेक्षा सुमारे 15 टक्के कमी असल्याने वेब्लीत 150 ग्रॅमहून अधिक तूट येत होती. ती भरून काढण्याचा उपाय सुरक्षिततेच्या विचारातूनच सापडला. नळीला तोंडाशी केवळ 20 मिलिमीटर खोल भोक ठेवून बाकीची भरीव ओतली, तेव्हा सुमारे 90 ग्रॅम परत मिळाले; सिलिंडरची, म्हणजे काडतुसे ठेवायच्या फिरत्या भागाची, सहाही घरे अर्धीच कोरल्याने उरलेली तूटही बरीचशी भरून निघाली. नळी आधी पोकळ करून मागाहून तिच्यात खिळा ठोकणे मला कधीच पटले नाही, कारण जे मागाहून बुजवले ते कोणीतरी मागाहून उघडूही शकतो. परवान्याशिवाय नकली अग्निशस्त्राचे खऱ्यात रूपांतर करण्यास शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 ने मनाई केली आहे. आमच्या वस्तूत तसा प्रयत्न करायलाही जागा राहू नये, या बेताने आराखडा केला आणि वकिलांच्या सल्ल्याने नमुना पोलिसांना दाखवल्यावरच विक्री सुरू केली.

वेब्लीची खरी गंमत तिच्या बिजागरीत आहे. मागची खिटी अंगठ्याने दाबली की नळी आणि सिलिंडर पुढे झुकतात आणि मधली चांदणी वर येऊन रिकामी काडतुसे एकदम बाहेर टाकते. आमच्या प्रतिकृतीत ही चांदणी आजही वर येते, मात्र तिच्यावर काडतूस बसत नाही. बाहेरची मापे परवाना असलेल्या एका कुटुंबाने घरातले रिव्हॉल्व्हर आपल्या देखरेखीखाली मोजू दिल्यामुळे मिळाली. त्या दुपारी व्हर्नियर धरलेला माझा हात थरथरत होता, हे कबूल करतो.

मोठा फटका बसला तो धातूकडूनच. सुरुवातीच्या काही घाण्यांसाठी मी एका व्यापाऱ्याकडून स्वस्तातले, भंगारातून वितळवलेले जस्त घेतले होते. तीन पावसाळे गेल्यावर महाबळेश्वरच्या एका ग्राहकाने कळवले की, रिव्हॉल्व्हरच्या अंगावर फोड आले असून मूठ सांध्याशी तडकली आहे. जस्तात शिशाचा वा कथिलाचा अल्प अंश जरी राहिला तरी धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज चढतो, दमट हवेत तो वाढतो आणि एकदा सुरू झाला की त्यावर इलाज नसतो. विकलेले सर्व नग बदलून द्यावे लागले आणि त्या वर्षी नफा उरला नाही. तेव्हापासून 99.99 टक्के शुद्धतेच्या जस्तापासून केलेल्या, चाचणीच्या दाखल्यासह येणाऱ्या लाद्याच आम्ही वापरतो. जुनी प्रतिकृती विकत घेणाऱ्यांनीही मुठीच्या फळ्या काढून आतली बाजू पाहावी, कारण वरचा तांब्याचा मुलामा आणि त्यावरचा काळा लेप बरेच काही झाकून ठेवतो.

वेब्लीनंतर अमेरिकी सैन्याने 1911 मध्ये स्वीकारलेले ब्राउनिंग यांच्या रचनेचे 0.45 इंची कोल्ट आले आणि मग 1908 चे जर्मन लुगर. गुडघा दुमडावा तसा वर उचलला जाणारा लुगरचा सांधा जमवण्यात आमचे दीड वर्ष गेले. चंद्रशेखर आझादांच्या पिस्तुलाची मागणी सतत येते, पण ते 0.32 इंची कोल्ट खिशात बाळगण्याच्या जातीचे आहे आणि आमची मालिका लष्करी पिस्तुलांची असल्याने ते आम्ही घेतलेले नाही. शिवकाळातले पिस्तूल मागणाऱ्यांनाही नकार द्यावा लागतो, कारण भरवशाने मोजता येईल असा नमुना हाती नसताना कल्पनेने केलेली वस्तू संग्राहकाला प्रतिकृती म्हणून विकणे योग्य नव्हे.

मूळ कारखान्यांचे शिक्केही आम्ही उठवत नाही. प्रत्येक नगाच्या मुठीखाली ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि क्रमांक ओतलेला असतो, म्हणजे उद्या जुन्या बाजारात कोणी ती अस्सल म्हणून खपवू शकणार नाही. काही संग्राहकांना हे रुचत नाही. त्यांना मी जपानचे उदाहरण देतो. तेथे 1971 पासून धातूच्या पिस्तूल-प्रतिकृतींना पांढरा किंवा पिवळा रंग देणे बंधनकारक आहे, त्या मानाने आमचा एक शब्द फारच सौम्य आहे. वस्तू नेताना विमानात हातातल्या सामानात ठेवू नये, ही सूचना पेटीवर ठळक छापूनही दरवर्षी कोणीतरी तपासणीच्या रांगेतून आम्हाला फोन करतोच.

सध्या काम चालू आहे ते 1896 च्या माउझरचे. चापाच्या पुढे असलेली दहा काडतुसांची पेटी आणि झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ यांमुळे ते लगेच ओळखू येते. त्याचे लाकडी म्यान मुठीच्या मागच्या खाचेत बसवले की खांद्याला लावायचा दस्ता होते. आमच्या सुताराने शिसवाची तीन म्याने कोरली. पहिली दोन खाचेत शिरलीच नाहीत आणि तिसरे शिरले, पण पावसाळ्यात फुगून तेथेच अडकून बसले. आता लाकूड आणखी एक उन्हाळा वाळवून पाहणार आहोत.