तुम्ही विचारलंत म्हणून: मनाच्या आजारावरच्या गोळ्या सुरू केल्या तर वकिलीची सनद अडेल का?

जळगाव-धुळ्याकडची लॉची मुलं हा प्रश्न आवाज खाली करूनच विचारतात. मनाच्या डॉक्टरांकडे गेलो आणि उद्या सनद देणाऱ्या बार कौन्सिलने ते उकरून काढलं तर?

नाही अडणार. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम २४अ स्वतः उघडून वाचा. नैतिक अधःपतनाच्या (फसवणुकीसारख्या) गुन्ह्यात दोषी ठरणं, अस्पृश्यतेच्या कायद्याखालचा गुन्हा, नैतिक अधःपतनाच्याच आरोपावरून सरकारी नोकरीतून काढलं जाणं, एवढीच कारणं तिथे आहेत. उपचार घेतल्याचा उल्लेखही नाही. शिवाय मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम २३ तुमची माहिती गोपनीय ठेवायला सांगतं.

या भीतीपायी मुलं दुखणं अंगावर काढतात आणि पेपर आठ दिवसांवर आले की दवाखाना गाठतात. तिथेच गणित चुकतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा नीट गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. सुरुवातीला काहींना मळमळ होते, झोप बिघडते. म्हणजे ऐन परीक्षेत त्रास तेवढा पदरात पडतो. सलग दोन आठवडे मन उदास असेल, झोप उडाली असेल, तेच पान चारदा वाचूनही डोक्यात राहत नसेल, तर जा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. चक्कर येऊ शकते, दुखणंही उलटू शकतं.

सिव्हिलला सकाळी केसपेपर काढून मानसोपचार ओपीडी विचारा. सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी न्या: किती दिवसांपासून, झोप किती तास, जेवण कसं, चहा-तंबाखू-दारू किती, चालू औषधं कोणती, मरणाचे विचार येतात का, पेपरची तारीख काय. आत गेल्यावर ऐनवेळी काही सुचत नाही आणि रांग मोठी असते. घरी अहिराणी बोलत असाल तर डॉक्टरांपुढेही खुशाल तसंच सांगा.

बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. आजारपणामुळे दांड्या पडल्या तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात कॉलेजात द्या, सत्र संपायची वाट पाहू नका. त्यावर आजाराचं नाव न घालता ‘उपचार सुरू आहेत’ एवढंच लिहिता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

रूम पार्टनर गप्प गप्प झाला असेल तर सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं होता येतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका; १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तो गावी जाणार असेल तर घरच्यांना आधी फोन करा. आपल्याकडे कपाशीच्या फवारणीचं औषध ओट्याखाली, पडवीत उघडंच पडलेलं असतं. ते त्याच दिवशी कुलपात जाऊ द्या आणि किल्ली मोठ्यांपैकी एकाकडेच ठेवा.