विचारायचं तरी

बारक्यानं संध्याकाळी ट्रॅक पाठवला. खाली एक ओळ : 'बीट इचलकरंजीच्या पोराचा हाय. ऐक आणि सांग.' बस्स, एवढंच. यात चिडण्यासारखं काय आहे ते जेवताना शोधत होतो, आता अंथरुणात पडून शोधतोय. ही म्हणाली लाईट घालव, म्हणून मोबाईलच्या उजेडात लिहितोय.

आमचं रॅपचं जे काही होतं त्यात शब्द बारक्या आणि दाजीचे, आणि बीट, म्हणजे शब्दांखालचा ठेका आणि संगीत, माझा. असं कधी कुणी ठरवलं नव्हतं, तसं चालत आलं. उद्यमनगरातल्या पॉवर प्रेसचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणला होता, तो ठोका अजून कानात आहे. आधी हवेचं फुस्स, मग दणका, आणि मग कापलेला तुकडा डब्यात पडल्याची बारीक किणकिण. ती किणकिण मी हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमसेटवरच्या झांजेच्या जागी लावली होती. सायबर कॅफेतून उतरवलेलं फ्रूटी लूप्स हे बीट करायचं सॉफ्टवेअर, दर अर्ध्या तासानं बंद पडणारा कॉम्प्युटर, सगळं ठीक. दाजी ते ऐकून उठून उभा राहिला होता. त्या दाजीनंसुद्धा यावेळी एका शब्दानं सांगितलं नाही. बारक्याचं एक वेळ चालेल, त्याला कधी काही सुचतच नाही. पण दाजी... असो.

विचारायचं तरी. एक फोन. शाहूपुरीतनं इथपर्यंत यायला गाडीवर किती वेळ लागतो?

मघापासून चॅड ह्यूगो या अमेरिकन बीटवाल्याचा विचार करतोय. 2025 च्या जुलैत क्लिप्स या रॅप जोडीतले दोघे भाऊ 2009 नंतर पहिल्यांदा अल्बम घेऊन आले तेव्हा मीच ग्रुपवर नाचलो होतो. सगळे बीट फॅरेलचे, घरचा माणूस घरी आला वगैरे मीच लिहिलं होतं. पण 2002 आणि 2006 चे त्यांचे जे अल्बम आम्ही पाठ केले, त्यांचे बीट एकट्या फॅरेलचे कुठं होते? ते नेपच्यून्सचे होते, म्हणजे फॅरेल आणि ह्यूगो दोघांचे. नव्यात ह्यूगो नाही. त्याच्या आदल्या वर्षी 'नेपच्यून्स' या नावाच्या हक्कावरून दोघांचं वाजलं होतं, बोलणं बंद. फॅरेलच्या मुलाखती ढिगानं सापडतात. ह्यूगोनं तो अल्बम कुठं बसून ऐकला असेल, पूर्ण ऐकला असेल का, हे कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही. जुलैत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सायप्रेस हिल या रॅप गटाचं तर आणखी अवघड. बीट करणारा डीजे मग्ज त्यांचाच, 1991 पासूनचा. 2018 चा अल्बम त्यानंच केला. आणि 2022 ला अख्खा अल्बम डेट्रॉइटच्या ब्लॅक मिल्ककडून करून घेतला. मग्ज गटात असताना! म्हणजे घरात आचारी असताना लग्नाचं जेवण बाहेरून मागवल्यासारखं. आता त्यांच्यात काय बोलणं झालं ते त्यांना माहीत. कदाचित मग्जच म्हणाला असेल की बाबांनो यावेळी मला सोडा. तसं असेल तर प्रश्नच मिटला. मला कुणी विचारलंच नाही, मी 'सोडा' तरी कधी म्हणणार?

वू-टँग या रॅप गटात याच्या उलट. 2014 ला त्यांच्यातला रॅपर रेक्वॉन उघडउघड म्हणत होता की आमचा बीटवाला आरझा नेतोय ती दिशा मला पटत नाही. मग 2017 ला जो अल्बम आला त्याचे बीट मॅथमॅटिक्सचे. हा त्यांचा जुना डीजे, गटाचं चिन्ह असलेला तो पिवळा डब्ल्यू काढणारा. तिथंही एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणून आरझाचं नाव आहेच. मला तेवढं पुरलं असतं. कोपऱ्यात नाव.

ट्रॅक अजून ऐकला नव्हता, हे लिहायचं राहिलं. एवढं सगळं न ऐकताच चाललं होतं.

पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो आणि इअरफोन घेऊन गच्चीवर गेलो. कुणाच्या तरी मांडवातनं डॉल्बी लांबून ऐकू येत होता, कोल्हापुरात याला शांतता म्हणतात. ट्रॅक लावला. सुरुवातीला नुसती हलगी, आणि तीही स्टुडिओतली नाही, मिरवणुकीतली. मागं कुणीतरी शिट्टी मारतोय, एक रिक्षा जाते. पोरानं ते साफ केलं नाही. मग खालून बेस आला आणि मी मनात म्हटलं, चला, चूक सापडली, कारण हलगीची बारीक काडी जिथं पडायला पाहिजे तिथं पडत नाही, केसभर मागं पडते. मी असतो तर माऊसनं धरून एकेक ठोका ओळीत आणला असता. पुन्हा लावला. काडी मागंच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मान हलायला लागली होती आणि ती त्या केसभर उशिरानंच हलत होती.

अमेरिकेतला जे डिला हा बीटवाला हेच करायचा. ठोका यंत्राच्या हवाली करायचा नाही, बोटांचा राहू द्यायचा. दे ला सोल या रॅप गटानं पहिले तीन अल्बम प्रिन्स पॉल या बीटवाल्याबरोबर केले आणि 1996 ला चौथा त्याच्याशिवाय. त्याचा टायटल ट्रॅक या डिलाचा, तेव्हा तो बावीस वर्षांचा. इचलकरंजीचं पोरगं किती वर्षांचं आहे विचारलं नाही, पण फोटोत मिशी नीट फुटलेली नाही.

दाजीचा आवाज मात्र बसलाय. दुसऱ्या कडव्यात श्वास पुरत नाही त्याला, आणि पोरानं बरोबर तिथं दोन ठोके रिकामे सोडलेत. मी सोडले नसते. मला दाजी अजून तेव्हाचाच ऐकू येतो.

आणि विचारलं असतं तर? लॅपटॉप पोरीकडे असतो, तिची दहावी. आमच्याकडे मार्च एण्डचं काम साचलंय. आठ वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर, पासवर्ड आठवत नाही. मी 'नाही' म्हणालो असतो, आणि चांगलं घोळवून म्हणालो असतो : अरे बाबांनो, आता नव्या पोरांना द्या, मी आहेच मागं. हे वाक्य माझं कधीपासून तयार आहे हे आत्ता लिहिताना कळतंय. म्हणायची संधी हुकली, म्हणून ही सगळी जागरणं.

बारक्याला लिहिलं, 'भारी आहे. बेस थोडा कमी करा, फोनच्या स्पीकरवर शब्द दबतात.' एवढं तरी माझं. पाच मिनिटांत त्याचा निरोप, हा पण जागाच : 'पोराला सांगितलं. रविवारी सकाळी सातला पंचगंगा घाटावर शूटिंग हाय, तू मागं उभारायचंस. काळा टी-शर्ट घालून ये.'

माझ्याकडचा काळा पोटावर बसत नाही. उद्या महाद्वारात बघतो, डबल एक्सेल मिळाला तर.