मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट

पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात आज नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) तासाला मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, शेवट अभ्यासाला होता. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखिताचे, म्हणजे बायबलच्या एका प्राचीन ग्रीक प्रतीचे, छायाचित्र सरांनी पडद्यावर दाखवले. पानावर तीन रकाने आहेत. दुसऱ्यात १६व्या अध्यायाचे ८वे वचन संपते, तिसरा कोराच सोडलेला आहे, आणि आपण लहानपणापासून मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) ऐकत आलेली, पुनरुत्थित येशूच्या दर्शनांची ९ ते २० ही वचने तिथे नाहीतच. येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळालेल्या स्त्रिया भयामुळे कोणाला काही बोलल्या नाहीत, इथेच मार्क थांबतो. त्याच शतकातल्या सिनाय हस्तलिखितातही मार्क ८व्या वचनावरच संपतो.

मेसमध्ये जेवतानाही हाच विषय निघाला. हे गावातल्या साध्या भाविकांना कसे सांगायचे, असे झारखंडहून आलेल्या एका सहाध्यायाने कळकळीने विचारले. माझ्या मते ते स्पष्टपणे सांगावे. ती वचने दुसऱ्या शतकातले बिशप संत आयरेनियस यांना ठाऊक होती, ख्रिस्तसभेने ती पवित्रशास्त्र म्हणून स्वीकारली आहेत, आणि पुनरुत्थानावरचा आपला विश्वास केवळ या १२ वचनांवर उभा नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातली पुनरुत्थानाची साक्ष तर मार्कच्याही आधीची आहे. रविवारी आमच्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या स्थानिक समुदायातल्या) युवकांसमोर मी हेच छायाचित्र ठेवणार आहे.