लिब्ज नोंदवही: अॅल्युमिनियम सापडलं आणि हरवलं

लिब्ज म्हणजे लेझरच्या शॉटने पदार्थाची ठिणगी उडवायची आणि तिच्या उजेडातल्या रेषांवरून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखायचं. माझा तसा घरगुती जुगाड आहे. भोसरीत मेटल प्रिंटिंगचं काम करणाऱ्या मित्राने ३१६एल स्टेनलेस स्टीलची पावडर दिली, डबीत जेमतेम दोन चमचे. त्याच मशीनवर आधी अॅल्युमिनियम-सिलिकॉनची पावडर चालली होती. "साफ केलंय म्हणतात, पण तुझ्या खेळण्यावर बघ ना काही राहिलंय का." खेळणं म्हणाला, ते लक्षात ठेवलंय.

लेझर नेहमीचाच, टॅटू पुसून टाकायच्या जुन्या यंत्रातला, १०६४ नॅनोमीटरचा. पहिल्याच शॉटला पावडर उडाली, तिथे नुसता खड्डा राहिला आणि लेन्सवर करडी धूळ. दाबून गोळी करावी, तर हे कण म्हणजे गोल गोल मणी, एकमेकांत अडकतच नाहीत. साच्यातून काढली आणि तूप कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखी फुटली. शेवटी काचपट्टीवर दुहेरी टेप लावून त्यावर पातळ थर भुरभुरला. दर शॉटला पट्टी थोडी सरकवायची, म्हणजे जागा कोरी.

स्टीलमधल्या क्रोमियमच्या ४२५.४३, ४२७.४८ आणि ४२८.९७ नॅनोमीटरच्या तीन रेषा ओळीत उभ्या राहिल्या तेव्हा चहा थंड झाला तरी कळलं नाही. आणि काही शॉटमध्ये ३९६.५ च्या आसपास एक ठसठशीत टोक! अॅल्युमिनियमची रेषा ३९६.१५ ला असते, माझ्या डब्याची, म्हणजे रेषा मोजणाऱ्या वर्णपटमापकाची, नजर अर्ध्या नॅनोमीटरची, तेवढा फरक चालायचाच. लगेच मित्राला फोन केला. घाई नडली.

रात्री डोक्यात आलं: अॅल्युमिनियमची रेषा एकटी कधी येत नाही, जोडीदारीण ३९४.४० ला हवीच. ती नव्हती. मग ते टोक कॅल्शियमचं तर नाही? त्याची जोडी ३९३.३७ आणि ३९६.८५. पहिली लोखंडाच्या रेषांच्या गर्दीत होती, मी तिकडे बघितलंच नव्हतं. वर सोडियमची ५८९ सुद्धा त्याच शॉटमध्ये. ती बोटांच्या घामाची म्हणून सोडून दिली होती.

नुसती टेप आणि काचपट्टी ठेवून शॉट मारला, पावडर नाहीच. तरी कॅल्शियम, सोडियम दोन्ही हजर. कणांच्या फटीतून किरण थेट काचेत घुसत होता, आणि साध्या काचेत दोन्ही भरपूर. मित्राला पुन्हा फोन. तो हसला, फार नाही.

आता काचेऐवजी तांब्याची पट्टी. तांब्याची ५२१.८ ची हिरवी रेषा दिसली की किरण आरपार गेला, तो शॉट बाद. या युक्तीवर मी खूश आहे. २०० पैकी ७१ बाद झाले, उरलेल्यांत अॅल्युमिनियम नाही.

पण म्हणजे पावडर स्वच्छ, असं मी त्याला सांगितलं नाही. ३० मायक्रॉनचे कण धरले तर एका ग्रॅममध्ये ते नव्वद लाखांच्या आसपास भरतात. माझे १२९ शॉट त्यातल्या किती कणांना लागले असतील? चंद्रावर प्रज्ञानने २०२३ मध्ये याच तंत्राने गंधक शोधलं, पण तिथे पसाभर मातीत एकच चुकार कण हुडकायचा नव्हता.

पुढच्या खेपेला पाखडायचं. कोरडं नाही, फुफ्फुसं प्यारी आहेत. अल्कोहोलमध्ये ढवळून स्टील आधी खाली बसू द्यायचं, मागे तरंगत राहील तेवढंच टेपवर घ्यायचं. अॅल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ८. अॅल्युमिनियम किंवा टायटॅनियमची सुटी पावडर मात्र मी घरात आणणार नाही, ती पेट घेते. आणि १०६४ चा चष्मा न लावता कुणी हे करू नका, तो किरण डोळ्याला दिसत नाही.